सूर्याचा वारा : त्याची दाटी आणि त्याची चाल

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा कामगार कायद्यावर अगर साखरधंद्याच्या आजच्या अवस्थेवर आम्ही बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'सूर्याचा वारा' असे लिहून पाठविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, की विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली होती, पण ती विषय लिहिताना नव्हे. ती फार पूर्वीची आहे, आणि ती चारचौघांत केलेली असल्यामुळे चारचौघांतच दुरुस्त करावी, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

गोष्ट अशी. साखर कारखान्याच्या कामगारांचे आमचे एक अभ्यासमंडळ होते. गळीत हंगाम संपला म्हणजे आठवड्यातून एक संध्याकाळ युनियनच्या खोलीत दहा-पंधरा माणसे जमत. आमचे स्वतःचे शाळेतले शिक्षण नववीवर थांबलेले. पुढचे सगळे रात्री कंदिलापाशी आणि नंतर वाचनालयात झालेले. आम्ही जे वाचून कळले असे वाटे ते तेथे सांगत असू. २००७ सालच्या उन्हाळ्यात आम्ही सूर्यावर बोललो. सूर्यातून एक वारा सतत सुटत असतो, हे सांगितले, आणि कोणी तरी विचारले की दूर गेल्यावर त्याचे काय होते? आम्ही बेधडक सांगून टाकले : दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौथाई होतो, तसेच वाऱ्याचे, त्याची दाटीही अंतराच्या वर्गाने कमी होते आणि चालही तशीच कमी होत जाते.

मंडळात टर्बाइनवर काम करणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "अण्णा, दाटीबी कमी आन् चालबी कमी, तर मग मधला माल गेला कुठं?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. 'पुढच्या वेळी सांगतो' असे म्हणून आम्ही विषय बदलला आणि पुढची वेळ पुष्कळ वर्षे आली नाही. तात्यांचा प्रश्न टर्बाइनवाल्याचा होता. बॉयलरवरून ताशी किती वाफ निघाली आणि टर्बाइनला किती पोचली, याचा ताळा ते रोज लिहीत असत. ताळा जुळला नाही तर पाइप कोठे तरी गळतो आहे, असाच अर्थ होतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला पाइप आम्ही त्या दिवशी गळका ठरविला होता.

आता मूळ गोष्टीकडे वळू. सूर्याच्या झगझगीत बिंबाबाहेर एक अतिविरळ, पांढुरके वलय आहे. खग्रास ग्रहणात बिंब झाकले गेले म्हणजे ते नुसत्या डोळ्यांना दिसते. त्याला किरीट म्हणतात. बिंबाचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, तर हा किरीट दहा लाख अंशांच्याही वर. चुलीपेक्षा धूर तप्त असावा, असा हा उलटा प्रकार आहे. त्याची कारणे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहेत, पण त्यात आज शिरावयाचे नाही. इतक्या उष्णतेत हायड्रोजनचे अणू अखंड राहत नाहीत. ते फुटून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे होतात. सूर्याचा वारा म्हणजे ह्या फुटलेल्या अणूंचा, म्हणजे प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचा आणि थोड्याशा हेलियमचा, बाहेर वाहणारा लोट. त्यात हवा नाही आणि त्याचा आवाजही नाही.

असा काही वारा असावा, याचा पहिला सुगावा धूमकेतूंनी दिला. धूमकेतूचे शेपूट त्याच्या मागे ओढले जात नाही; ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. पीटर एपियन ह्या जर्मन पंडिताने १५३१ सालच्या धूमकेतूवर हे पाहून नोंदविले. पुष्कळ काळ असे मानले जाई की प्रकाशाच्या दाबाने शेपूट मागे ढकलले जाते, आणि धुळीच्या शेपटापुरते ते खरेही आहे. पण विद्युत्भारित वायूचे जे दुसरे, सरळ शेपूट असते, त्याला प्रकाशाचा दाब पुरा पडत नाही, हे लुडविग बीरमान यांनी १९५१ साली दाखविले. सूर्यातून कणांचा मारा सतत, सर्व दिशांना चालू असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

पुढचे पाऊल यूजीन पार्कर ह्या शिकागो विद्यापीठातल्या तरुणाचे. त्या वेळी ते तिशीत नुकतेच शिरले होते. दहा लाख अंशांचा किरीट सूर्याभोवती स्थिर बसून राहणे शक्य नाही, हे त्यांनी गणिताने ओळखले. स्थिर मानला तर अंतराळाच्या टोकापर्यंत त्याचा दाब इतका उरतो की तो दाबून धरावयाला तेथे काहीच नाही. म्हणून तो वाहिलाच पाहिजे, आणि हळूहळू नव्हे, तर ध्वनीच्या कित्येक पट वेगाने. त्यांनी निबंध लिहून 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे पाठविला. दोन परीक्षकांनी तो नाकारण्याजोगा ठरविला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर, आपल्या देशात जन्मलेले आणि पुढे १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांना स्वतःलाही ही कल्पना रुचली नव्हती. पण परीक्षकांना गणितात एकही चूक काढता आलेली नाही, हे पाहून त्यांनी निबंध १९५८ साली छापला. आम्हांस ह्या हकिगतीचे फार अप्रूप वाटते. स्वतःला न पटणारे म्हणणे केवळ हिशेब बरोबर आहे म्हणून पुढे जाऊ देणारा माणूस आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर क्वचितच पाहिला आहे, आणि त्यात आमच्या बाजूची माणसेही आली.

पडताळा लवकरच आला. १९५९ साली सोव्हिएत लूना यानांवर कॉन्स्टांटिन ग्रिंगाउझ यांनी बसविलेल्या सापळ्यांत सूर्याकडून येणारे कण सापडले. १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या अमेरिकी मॅरिनर-२ यानाने तर तीन महिन्यांहून अधिक काळ हा वारा मोजला. मार्शिया न्यूगेबावर आणि कॉनवे स्नायडर यांच्या त्या मोजमापात वारा एकदाही थांबलेला आढळला नाही. कधी सेकंदाला तीनशे किलोमीटर, कधी सातशेच्या वर, पण अखंड.

आता आकडे घेऊ. पृथ्वीपाशी ह्या वाऱ्याची दाटी साधारणतः एका घन सेंटिमीटरला सहा प्रोटॉन, आणि चाल सेकंदाला चारशे किलोमीटर. सहा म्हणजे किती थोडे, हे कळण्यासाठी आपल्या श्वासाची हवा घ्या. तिच्या एका घन सेंटिमीटरात पंचवीसावर अठरा शून्ये इतके रेणू असतात. कारखान्यातल्या कोणत्याही निर्वात पंपाला न साधणारी पोकळी म्हणजे हा वारा. पण चाल पाहा. ह्या चालीने मुंबईहून नागपूरला दोन सेकंदांत पोचता येईल. सूर्यापासून निघालेला प्रकाश आठ मिनिटांत आपल्याकडे येतो, तर हा वारा चार दिवसांहून थोडा अधिक वेळ घेतो. सहाला चारशे किलोमीटरांनी गुणले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरातून दर सेकंदाला चोवीस कोटी कण जातात, असा हिशेब निघतो. सूर्याभोवती पृथ्वीइतक्या अंतरावर कल्पिलेल्या अवाढव्य गोलाच्या सगळ्या पृष्ठभागाचा जमाखर्च मांडला, तर सूर्य दर सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक वस्तुमान वाऱ्यावर सोडून देतो. सूर्याच्या पोतडीत हा खर्च जाणवतही नाही.

आणि आता तात्यांचा प्रश्न. आम्हांस त्याचे उत्तर पुस्तकात मिळाले नाही. म्हणजे पुस्तकात ते होते, पण आम्हांस दिसले नाही. ते कारखान्याच्या फाटकावर दिसले. पाळी सुटण्याच्या वेळेला सभा घेण्यासाठी आम्ही उभे होतो. भोंगा झाला आणि माणसे बाहेर पडू लागली. समजा, फाटकातून मिनिटाला शंभर माणसे बाहेर येतात आणि सगळी मिनिटाला ऐंशी मीटर चालीने चालतात. फाटकासमोर नुसता सरळ रस्ता असेल, तर फाटकापाशी जेवढी दाटी तेवढीच अर्ध्या मैलावर. कारण कोणी वाढत नाही आणि कोणी कमी होत नाही. पण फाटकासमोर मोकळे मैदान असेल आणि माणसे आपापल्या गावाच्या दिशेने पांगत असतील, तर दुप्पट अंतरावर तीच शंभर माणसे दुप्पट लांबीच्या कमानीवर पसरतात. दाटी निम्मी होते. चाल मात्र कोणीच कमी केलेली नसते! घरी जाणारा कामगार चाल कमी कशाला करील?

सूर्याचा वारा मैदानातच नव्हे, तर वर-खाली-चहूकडे पांगतो. दुप्पट अंतरावर गोलाचा पृष्ठभाग चौपट, म्हणून दाटी चौथाई. तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. चाल तीच. दाटी, चाल आणि अंतराचा वर्ग, ह्या तिघांचा गुणाकार कोठेही तोच आला पाहिजे. तो तात्यांचा वाफेचा ताळा. आमची चूक अशी की दोन्ही कमी करून आम्ही गुणाकार मोडला. आणि गंमत ही की आम्ही ज्या दिव्याचा दाखला दिला तोच आमच्या विरुद्ध साक्ष देत होता. दिवा दूर नेल्याने उजेड चौथाई होतो, पण प्रकाशाची चाल कोठे कमी होते?

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या अंतराला, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरांना, आपण सोयीसाठी एक पल्ला म्हणू. बुध ०.३९ पल्ल्यावर आहे. तेथे दाटी घन सेंटिमीटरला चाळीसच्या आसपास निघते. शुक्रापाशी अकरा-बारा, पृथ्वीपाशी सहा, मंगळापाशी अडीच. गुरू ५.२ पल्ल्यांवर, तेथे चहाचा एक चमचा भरून पोकळी घेतली तर तिच्यात एखादा प्रोटॉन सापडावयाचा. नेपच्यून तीस पल्ल्यांवर. तेथे भरल्या पेल्यात एक. ह्या सगळ्या प्रवासात चाल मात्र चारशेच्या जवळपासच राहते. हा नियम नुसता कागदावरचा नाही. हेलिओस नावाची दोन याने १९७४ आणि १९७६ साली सुटली आणि ०.३ पल्ल्यापर्यंत सूर्याजवळ गेली. पायोनियर आणि व्हॉयेजर याने दुसऱ्या बाजूला, ग्रहांच्या पलीकडे गेली. दोन्हींकडच्या नोंदी सरासरीने ह्या वर्गाच्या नियमावर बसतात.

येथे कोणी असे विचारील की सूर्याचे गुरुत्वाकर्षण ह्या वाऱ्याला मागे का ओढत नाही? ओढते. पण सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटून जावयास सेकंदाला ६१८ किलोमीटरांची चाल लागते, तर पृथ्वीच्या अंतरावरून तेवढ्याच कामाला ४२ किलोमीटर पुरतात. वाऱ्यापाशी चारशे आहेत. चालीच्या वर्गाने हिशेब करावयाचा असल्यामुळे हे देणे त्याच्या शिल्लकीच्या शंभराव्या हिश्श्याएवढे ठरते. सगळे चुकते केले तरी चालीत अर्ध्या टक्क्याचाच फरक पडावयाचा.

तेव्हा वाऱ्याची खरी ओढाताण होते ती सूर्याच्या जवळ. फाटकाकडे पुन्हा एकदा पाहा. अगदी दरवाजात माणसे खेटून, पाऊल पाऊल सरकत असतात. मोकळ्यात येतील तसा त्यांचा पाय उचलतो. म्हणजे तेथे दाटी दोन कारणांनी कमी होते : पांगण्यामुळे आणि चाल वाढल्यामुळे. म्हणून सूर्याच्या जवळ दाटी वर्गाच्या नियमाहून अधिक भराभर उतरते. दहा सूर्यत्रिज्यांवर नुसता वर्गाचा नियम लावला तर दाटी घन सेंटिमीटरला पावणेतीन हजार येते. पण तेथे चाल निम्मी, दोनशेची, धरली तर ताळा जुळावयाला साडेपाच हजार धरावी लागते. आणखी आत, किरीटाच्या तळाशी, दहा कोटी आणि त्याहूनही अधिक. सोहो यानाच्या दुर्बिणींतून १९९६ नंतर मंद वाऱ्यातले लहान लहान पुंजके बाहेर सरकताना पाहण्यात आले. पाच त्रिज्यांपाशी ते दीडशेने जात होते आणि पंचवीस त्रिज्यांपाशी तीनशेने.

पण त्याची चाल वाढतेच का? दाब मागून ढकलतो, हे खरे. पण हे उत्तर अपुरे आहे. वाफेची गती वाढवावयाची तर टर्बाइनच्या नॉझलमध्ये आधी वाट अरुंद करतात आणि मग रुंद. अरुंद वाटेत वाफ ध्वनीच्या वेगाला पोचते, आणि नवल असे की त्यानंतर वाट रुंद केली तरच ती आणखी जोर धरते. ध्वनीहून मंद असलेल्या प्रवाहाला रुंद वाट मिळाली तर तो मंदावतो. ध्वनीहून जलद झालेल्याला मिळाली तर तो अधिकच जलद होतो. आम्हांस हे तात्यांनीच एकदा बंद पडलेल्या टर्बाइनचे नॉझल हातात देऊन दाखविले होते. आता सूर्यापाशी नॉझल कोणी बसविले? वाट तर पहिल्यापासून रुंदच होत जाते. पार्कर यांच्या गणिताचे मर्म येथे आहे. सूर्याचे गुरुत्वाकर्षण हाच तो अरुंद गळा. जवळ असताना ते वायूला दाबून धरते. त्यामुळे तळाशी दाटी, वर विरळपणा आणि दाबाचा मोठा उतार तयार होतो, आणि वाट रुंद असूनही वायू अरुंद वाटेतल्यासारखा गती घेतो. काही सूर्यत्रिज्या दूर गेल्यावर त्याची पकड ढिली पडते. तोवर वारा ध्वनीच्या वेगाला पोचलेला असतो. पुढची वाट नॉझलच्या रुंद तोंडासारखी आणि वारा सुसाट. हे गणित पुढे चुंबकीय लहरींचा धक्का धरून पुष्कळ सुधारले गेले, पण गळा आहे तेथेच आहे.

ह्या गळ्याच्या शेजारी आता माणसाचे यंत्र जाऊन आले आहे. १२ ऑगस्ट २०१८ रोजी पार्कर यांचेच नाव दिलेले यान सुटले. ते सुटताना पाहावयास एक्याण्णव वर्षांचे पार्कर स्वतः हजर होते. १५ मार्च २०२२ रोजी ते वारले. एप्रिल २०२१ मध्ये यान सूर्यापासून सुमारे एक कोटी तीस लाख किलोमीटरांवर असताना अशा एका सीमेच्या आत गेले, की जिच्या आतला वारा अजून सूर्याच्या चुंबकीय दाव्याला बांधलेला असतो. सीमेबाहेर पडलेला वारा सूर्याला कायमचा सुटला. २४ डिसेंबर २०२४ रोजी तर ते पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरांवरून गेले.

आतापर्यंत आम्ही एकच वारा असल्यासारखे बोललो. वास्तविक ते दोन आहेत. सूर्याच्या किरीटात जेथे चुंबकीय रेषा मोकळ्या बाहेर गेलेल्या असतात, तेथे काळे भगदाड दिसते. त्यातून निघणारा वारा जलद, सातशे-आठशेचा, पण विरळ. इतरत्र निघणारा मंद, तीनशे-चारशेचा, पण दाट. म्हणून गुणाकारात चालीइतकी तफावत पडत नाही. युलिसिस हे यान १९९४-९५ साली सूर्याच्या ध्रुवांवरून गेले, तेव्हा तेथे दिवसेंदिवस साडेसातशेचा संथ, एकसारखा वारा आढळला. विषुववृत्ताकडे आले की मंद-जलद यांची भेळ. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे मंद वाऱ्याच्या पाठीमागून जलद वारा येऊन त्याला गाठतो, आणि दोघांच्या सांध्यावर दाटी एकदम चढते. गुरूच्या पलीकडे असे सांधे एकमेकांत मिसळत जातात आणि चालीतले चढउतार बुजतात. आपल्यापाशी जो वारा आज तीनशेचा तर परवा सातशेचा असतो, तो नेपच्यूनपाशी पुष्कळसा समंजस झालेला असतो.

सरासरीचे आकडे ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये, एवढ्यासाठी एक प्रसंग सांगतो. मे १९९९ मध्ये दहा तारखेपासून वाऱ्याची दाटी उतरू लागली आणि अकरा तारखेला ती घन सेंटिमीटरला एकाच्या पाव हिश्श्याहूनही खाली गेली. एक दिवसभर सूर्याचा वारा जवळजवळ नाहीसाच झाला. पृथ्वीचे चुंबकीय कवच, जे वाऱ्याच्या दाबाने नेहमी चेपलेले असते, ते फुगून कित्येक पटींनी दूर गेले.

याच्या उलट टोकाचा प्रसंग मुंबईच्या वहीत लिहून ठेवलेला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी लंडनजवळ सूर्यबिंबावर एक लखलखाट पाहिला. नेहमी चार दिवस घेणारा वारा त्या वेळी साडेसतरा-अठरा तासांत येऊन थडकला, म्हणजे चाल सेकंदाला दोन हजार किलोमीटरांच्या वर. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीचा काटा पाळीवरच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून वहीत उतरविला, आणि ती घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. ह्या वह्यांचे मोल २००३ साली गुरबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांच्या निबंधामुळे जगाला कळले. मे २०२४ मधले वादळ, ज्यात लडाखमधल्या हानले येथून आकाश तांबडे झालेले टिपले गेले, ते वीस वर्षांतले सर्वांत मोठे होते. पण १८५९ च्या मानाने ते लहानच. पुढे मुंबईच्या ट्रॅमगाड्या विजेवर चालविण्याचे घाटू लागले, तेव्हा त्या विजेने चुंबकसूची बिघडू नये म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. ते तेथे अजून चालते.

आमच्या सभासदांना नेमका येथे प्रश्न पडतो : याचा आपल्याशी संबंध काय? चुंबकीय कवचावर पडणारा दाब दाटीच्या प्रमाणात वाढतो, पण चालीच्या वर्गाच्या प्रमाणात. दाटी दुप्पट झाली तर दाब दुप्पट. चाल दुप्पट झाली तर चौपट. कवच असे हेलकावू लागले म्हणजे लांब वीजवाहिन्यांत नको ती वीज शिरते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे वीजजाळे असेच दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. बातम्यांत अंधारातल्या लोकांचा आकडा येतो. जाळे पुन्हा उभे करावयास त्या थंडीत खांबांवर आणि उपकेंद्रांत जी माणसे गेली, त्यांचा येत नाही. आपल्याकडील आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले आणि ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीच्या अलीकडे पंधरा लाख किलोमीटरांवर उभे राहून वारा मोजते आहे. वाऱ्याचे कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादचे, एक तिरुवनंतपुरमचे, आणि सूर्याची जंबुपार छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. चारशेच्या वाऱ्याला तेथून पृथ्वीपर्यंत यावयाला एक तास लागतो, आठशेच्या वाऱ्याला अर्धा. बदली माणूस बोलावण्यास आणि भार कमी करण्यास एवढीच सवड मिळते.

एवढे सगळे समजून घेतल्यावर गेल्या दिवाळीत आम्ही तात्यांच्या गावी गेलो. ते निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत. एका कानाने कमी ऐकू येते, जन्मभर टर्बाइनशेजारी उभे राहिलेल्या बहुतेकांना येते तसेच. आम्ही अंगणात काठीने गोल काढले आणि त्यांचा जुना हिशेब चुकता केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरं, मधला माल कुठं गेला नाही म्हणा. पर शेवटाला जातुय कुठं?"

ह्या वेळी आम्ही तयारीने गेलो होतो.

वारा पार शेवटपर्यंत त्याच चालीने जात नाही, हे खरे आहे. तारकांमधल्या अवकाशातून हायड्रोजनचे अखंड अणू सूर्यमालेत संथपणे शिरत असतात. त्यांच्यावर विद्युत्भार नसल्यामुळे वाऱ्याला ते आधी जाणवत नाहीत. पण एखादा अणू फुटला, भारित झाला, की वाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र त्याला पकडते आणि ओढून बरोबर नेते. मोर्चात मधूनच सामील होणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या चालीने चालवावयाचे तर सगळ्यांची चाल थोडी कमी होते. न्यू होरायझन्स यानाच्या मोजणीत तीस ते त्रेचाळीस पल्ल्यांवर वारा पाच-सात टक्के मंदावलेला आढळला. आणखी दूर हे ओझे वाढत जाते. म्हणजे २००७ साली आम्ही म्हणालो त्यात 'चाल कमी होते' हे तीन शब्द पार दूरवर थोडेसे खरे ठरतात, पण कारण वेगळे आहे आणि प्रमाणही वेगळे.

शेवट अचानक होतो. मोरीत नळाखाली फरशीवर पाण्याची धार पडते, ती पाहा. धारेभोवती पाणी पातळ थराने, वेगाने पसरते आणि काही बोटांवर गोलाकार कड उठते. कडेपलीकडे पाणी जाड आणि संथ. वाऱ्याचेही असेच. बाहेरून ताऱ्यांमधल्या वायूचा दाब असतो. पण वारा ध्वनीहून कित्येक पट जलद असल्यामुळे पुढे अडथळा आहे, ही खबर मागे पोचू शकत नाही. तो कडेवर येऊनच आदळतो. व्हॉयेजर-१ ने ही कड १६ डिसेंबर २००४ रोजी ९४ पल्ल्यांवर ओलांडली. त्याचे वारा मोजण्याचे उपकरण १९८० पासूनच बंद होते. व्हॉयेजर-२ चे चालू होते, आणि ते ८४ पल्ल्यांवर कडेला पोचले ३० ऑगस्ट २००७ च्या सुमारास. आम्ही युनियनच्या खोलीत चुकीचे उत्तर दिले त्याच वर्षी, तीन-चार महिन्यांनी. कड मागेपुढे हलत असल्यामुळे एका-दोन दिवसांत ती यानावरून अनेकदा गेली. तोपर्यंत तीनशेपर्यंत उतरलेली चाल तेथे एकदम दीडशेवर आली, आणि दाटी दुप्पट झाली. तात्यांचा गुणाकार तेथेही जुळतो.

कडेपलीकडे वारा संथ होऊन बाजूला वळू लागतो, आणि आणखी पुढे सूर्याच्या वाऱ्याची हद्द संपते. ती व्हॉयेजर-१ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे १२१ पल्ल्यांवर आणि व्हॉयेजर-२ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी ११९ पल्ल्यांवर ओलांडली. बाहेर अधिकच रिकामे असेल, असे आपल्याला वाटते. पण हद्दीच्या आत लिटरभर तांब्यात दोन कण होते, आणि बाहेर व्हॉयेजर-१ ला २०१३ साली लिटरमागे ऐंशी मिळाले. सूर्याच्या वाऱ्याने ताऱ्यांमधला दाट वायू ढकलून स्वतःसाठी जागा रिकामी केलेली आहे, आणि आपण सगळे त्या रिकाम्या जागेत राहतो.

तात्यांनी हा आकडा पुन्हा विचारून घेतला. "आत दोन आन् भाईर ऐंशी?" आम्ही होय म्हणालो. मग त्यांनी मोजणाऱ्या यंत्राची चौकशी केली. व्हॉयेजर-२ वरचे ते उपकरण सत्तेचाळीस वर्षे चालले. यानाची वीज पुरेनाशी झाली म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. "सत्तेचाळीस," तात्या म्हणाले, "आन् मधे ओव्हरहॉल न्हाई?" नाही, असे आम्ही सांगितले.